रेषालेखातल्या दोन रेषांची तुलना दरवेळी का चुकते आणि ती कशी दुरुस्त करायची

मृगाचा पाऊस धरला की कोकणात गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर आलेख यायला लागतात. तालुक्यात किती पाऊस झाला, नदी किती वर आली, भरती किती वाजता. फेब्रुवारीपासून हापूसच्या दरांचे आलेख सुरू होतात, आणि भूगोलाच्या पेपरात तर रेषालेख असतोच. मी इथल्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मुलांचे आणि त्यांच्या घरच्यांचे, दोघांचेही प्रश्न माझ्याकडे येतात. कोणाची बाग, कोणाची बोट, कोणाचं बाजारपेठेत दुकान. अडचण मात्र दरवर्षी तीच. एकेका बिंदूची किंमत लोक बरोबर वाचतात. दोन रेषा शेजारी आल्या की निष्कर्ष चुकतो. दुकानातला माल माळ्यावर चढवायचा का, आंबा आज पाठवायचा की चार दिवस थांबायचं, हे त्या निष्कर्षावर ठरत असतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

चूक शोधताना बहुतेक जण रेषेकडेच निरखून बघत बसतात. रेषा सहसा ठीक असते. घोळ असतो तो कडेला: अक्षांवर, सूचीत, शीर्षकात. म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. आलेख समोर आला की रेषा झाका. कागदावर असेल तर तळहाताने, फोनवर असेल तर अंगठ्याने. आता कडा वाचा. आडव्या अक्षावर काय आहे, तास की दिवस की महिने, आणि दोन खुणांमध्ये अंतर सारखं आहे का? उभ्या अक्षावर काय मोजलंय, कोणत्या एककात, आणि सुरुवात कितीपासून? शीर्षकात ‘दैनिक’ लिहिलंय की ‘एकूण’? सूचीत कुठला रंग कोणाचा? एवढं तोंडाने म्हणून झालं की मग हात काढा. वर्गात मी मुलांकडून हे मोठ्याने म्हणून घेते. एकदा चढउतार डोळ्यांत भरला की मन उत्तर ठरवून मोकळं होतं, आणि मग अक्ष वाचले तरी ते ठरलेल्या उत्तराला आधार शोधण्यासाठी वाचले जातात.

एवढ्यावर निम्म्या चुका थांबतात. उरलेल्यांचं मूळ वेगवेगळं आहे. जी तक्रार तुमची असेल तिथे थेट जा.

‘त्या गावाची रेषा वर आहे, म्हणजे तिथे जास्त पडतोय’

पावसाचे दोन प्रकारचे आलेख फिरतात. एकात रोजचा पाऊस असतो. दुसऱ्यात १ जूनपासून त्या दिवसापर्यंतची बेरीज असते, म्हणजे संचयी पाऊस. दोन्ही दिसायला रेषालेखच, दोन्हींत उभ्या अक्षावर मिलीमीटर. पण वाचायची रीत पूर्ण वेगळी.

पागोळीखाली पिंप ठेवलंय असं समजा. संचयी रेषेची उंची म्हणजे पिंपात साठलेलं पाणी, आणि त्या रेषेचा चढ म्हणजे पागोळीचा जोर. पाऊस थांबला तर पिंप रिकामं होत नाही, पाणी आहे तिथेच राहतं. म्हणून संचयी रेषा कधी खाली येत नाही. ती आडवी झाली की पाऊस थांबलाय असं समजायचं. ‘एकसारखा पडतोय’ असा तिचा अर्थ लावणारे दरवर्षी भेटतात.

आता दोन गावं घेऊ. आकडे समजण्यासाठी मी ठरवलेले आहेत. पहिल्या गावात चार आठवड्यांत अनुक्रमे ३००, २५०, ४० आणि ३० मिलीमीटर पाऊस झाला. दुसऱ्यात ६०, ९०, १८० आणि २१०. संचयी आलेखात पहिल्या गावाची रेषा ३००, ५५०, ५९०, ६२० अशी जाईल आणि दुसऱ्याची ६०, १५०, ३३०, ५४०. महिनाअखेर पहिलं गाव ८० मिलीमीटरने वर दिसतं. पण शेवटच्या दोन आठवड्यांत पहिल्या गावात ७० मिलीमीटर पडलाय आणि दुसऱ्यात ३९०. जमीन भिजून चिंब झालीय, ओहोळ भरून वाहताहेत, दरडीकडे लक्ष ठेवायला हवं, ते दुसऱ्या गावात. आलेखात मात्र तीच रेषा खाली आहे.

उपाय वजाबाकीचा. संचयी आलेखातून ‘सध्या किती पडतोय’ हे हवं असेल तर आजच्या किमतीतून आठ दिवसांपूर्वीची किंमत वजा करा. दोन्ही गावांसाठी हे करा आणि मग ती दोन उत्तरं शेजारी ठेवा. ‘हंगामात एकूण किती झाला’ एवढंच हवं असेल तर मात्र उंचीच बघायची. आणि संचयी रेषा कुठे खाली आलेली दिसलीच, तर आकडा चुकीचा भरला गेलाय किंवा मागचा आकडा दुरुस्त केलाय असं समजा, आणि खात्री होईपर्यंत त्या भागावरून काहीच ठरवू नका.

‘हे वर्ष सरासरीच्या जवळ आलं, रेषा चिकटत आल्यात’

या चुकीकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, म्हणून इथे जरा थांबते.

एक रेषा सरासरी संचयी पावसाची, दुसरी यंदाची. जूनमध्ये दोघींमध्ये चांगलं अंतर दिसतं. जुलैत कोकणातला पाऊस जोर धरतो, दोन्ही रेषा उभ्या चढायला लागतात आणि मधली फट अरुंद झाल्यासारखी वाटते. लोक म्हणतात, तूट भरून निघाली. पट्टी लावून मोजलं तर तूट तेवढीच असते, कधी वाढलेलीही असते.

कारण आपल्या डोळ्यांत आहे. दोन रेषांमधला फरक म्हणजे एकाच तारखेवरचं उभं अंतर. डोळा मात्र एका रेषेपासून दुसरीपर्यंतचं सगळ्यात जवळचं अंतर पकडतो, आणि चढावर ते तिरकं अंतर उभ्या अंतरापेक्षा खूपच कमी असतं. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये आयात-निर्यातीचे रेषालेख छापले. आज आपण वापरतो तसे रेषालेख रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्यानेही दोन रेषांमधली फट हाच व्यापारातला फरक म्हणून दाखवला. क्लीव्हलंड आणि मॅक्गिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्लेफेअरच्याच आलेखाचं उदाहरण घेऊन दाखवलं, की फरकाची वेगळी रेषा काढली तर त्यात असा एक चढउतार दिसतो जो मूळ दोन रेषा बघताना लक्षातच येत नाही. तेव्हा या जागी फसलात तर वाईट वाटून घेऊ नका. इथे सगळ्यांचेच डोळे फसतात.

उपाय दोन आहेत. कागदावर असाल तर पट्टी अगदी उभी धरून दोन-तीन तारखांना अंतर मोजा. आकडे हाताशी असतील तर ‘यंदाचा वजा सरासरी’ अशी एकच रेषा काढा. ती शून्याच्या खाली असेल तर तूट, वर चढत असेल तर तूट भरतेय. मुलांना ही फरकाची रेषा काढायला फार आवडते, कारण त्यात काही लपून राहत नाही.

‘दोन आलेखांत एकाच पावसाची तारीख वेगळी कशी?’

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजला जातो, आणि तो आकडा ज्या सकाळी मोजला त्या तारखेला नोंदला जातो. मुंबईकरांच्या मनात २६ जुलै २००५ ही तारीख कोरली गेलीय. सांताक्रूझचा ९४४ मिलीमीटर हा आकडा मात्र २७ जुलैच्या सकाळी ८.३० ला संपणाऱ्या २४ तासांचा आहे. आता एक आलेख असा सकाळी मोजलेल्या आकड्यांचा आणि दुसरा मध्यरात्र ते मध्यरात्र मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्राचा असेल, तर एकाच पावसाचं टोक दोन आलेखांत एक दिवस मागेपुढे दिसू शकतं. त्यावरून ‘आधी तिथे पडला, मग इथे आला’ असं कोणी सांगितलं तर आधी दिवस कसा मोजलाय ते विचारा.

त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला होता. शहर एक, दिवस एक, आकडे इतके लांब. आलेखावर नुसतं ‘मुंबई’ किंवा ‘रत्नागिरी’ लिहिलेलं असेल तर ते कोणत्या केंद्राचं, की जिल्ह्याची सरासरी, हे कळल्याशिवाय दुसऱ्या रेषेशी तुलना करू नये.

‘कुंडलिकेची पातळी सगळ्यात जास्त आहे’

पुराच्या दिवसांत रायगड जिल्ह्यातल्या नद्यांच्या पातळ्या एकाच आलेखात घातलेल्या मी बघितल्या आहेत. त्यात रोह्याची कुंडलिका सगळ्यात वर, तिच्या बरीच खाली नागोठण्याची अंबा, आणि तळाशी महाडची सावित्री. बघणाऱ्याला वाटतं रोहा बुडालं आणि महाड निवांत आहे.

प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचं शून्य वेगळं असतं. तो मीटरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे आणि दुसऱ्या नदीशी त्याचा संबंधही नाही. जिल्हा प्रशासनाच्या पत्रकात कुंडलिकेची धोका पातळी २३.९५ मीटर असते, अंबेची ९.०० आणि सावित्रीची ६.५०. समजा एखाद्या दुपारी कुंडलिका २२.९०, अंबा ७.८० आणि सावित्री ६.३० मीटरवर आहे. धोक्यापासून कुंडलिका १.०५ मीटर दूर आहे, अंबा १.२० मीटर, आणि सावित्री अवघी ०.२० मीटर. आलेखात सगळ्यात खाली असलेली रेषा संकटाच्या सगळ्यात जवळ आहे.

इथेही वजाबाकी करा: धोका पातळीतून आजची पातळी वजा. आलेख तुम्हीच बनवत असाल तर उभ्या अक्षावर ‘धोका पातळीपासून अंतर’ घ्या. मग सगळ्या नद्यांचं शून्य एकच होतं आणि तुलना खरी होते. हे काम दहावीतलं मूल करू शकतं आणि गावाच्या गटावर टाकू शकतं. पावसाळ्यात याहून उपयोगाचा गृहपाठ मला तरी सुचलेला नाही.

पातळीइतकाच वेग महत्त्वाचा. चार वाजता ५.९० आणि पाच वाजता ६.२० असेल तर नदी तासाला ०.३० मीटर चढतेय. हा चढ डोळ्यांनी अजमावू नका. तोच आलेख कोणी आडवा ताणला की चढ सौम्य दिसतो, दाबला की कडा दिसतो. आकडे वजा करून तासांनी भागा, तेच खरं. त्या वेगाने ६.५० गाठायला तासाभराचाच अवधी आहे, एवढा अंदाज बांधून हालचाल सुरू करावी. पण तीच रेषा सरळ पुढे ओढून ‘सात वाजता इतकं, आठ वाजता इतकं’ असं कोणी सांगायला लागलं तर थांबवा. घाटमाथ्यावरचा पाऊस वाढला तर रेषा एकदम उभी होते. सावित्री, वाशिष्ठी अशा नद्यांच्या खालच्या टप्प्यात खाडीची भरती आली की पुराचं पाणी ओसरायला जागा मिळत नाही. म्हणून पातळीच्या आलेखाशेजारी भरतीच्या वेळा ठेवूनच तो वाचावा. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी चिपळूण-महाडला अंगावर घेतलाय त्यांना हे मी वेगळं सांगायला नको. त्यांच्या मुलांना मात्र हे आकड्यांतून वाचता यायला हवं, ही माझी तळमळ आहे.

‘रत्नागिरीचं तापमान किती खालीवर होतंय बघा’

संगणकाने आपोआप काढलेल्या आलेखात उभा अक्ष आकड्यांपुरताच ठेवलेला असतो. रत्नागिरीच्या कमाल तापमानाची मासिक सरासरी वर्षभरात साधारण २८ ते ३३ अंश सेल्सिअसमध्ये फिरते. अक्ष २७ पासून ३४ पर्यंत ठेवला की ही रेषा सह्याद्रीच्या कड्यांसारखी दिसते. नागपूरची मेमधली सरासरी ४२ च्या वर जाते आणि डिसेंबर-जानेवारीत ती २८-२९ च्या आसपास येते. तिचा आलेख २५ ते ४५ अशा अक्षावर काढला तर तो रत्नागिरीच्या आलेखाइतकाच चढउताराचा वाटतो. दोन चित्रं शेजारी ठेवून मुलं लिहितात: दोन्ही ठिकाणी तापमानात सारखाच फरक. किनाऱ्यावरचं हवामान सम असतं, हे वाक्य आदल्याच पानावर पाठ केलेलं असतं!

तुलना करायची तर दोन्ही रेषा एकाच प्रमाणात, शक्यतो एकाच आलेखकागदावर काढाव्यात. प्रमाण बदललेलं असेल तर कडेला लिहिलेले आकडे घेऊन स्वतः कच्चा आलेख काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

याच्या उलट टोकाची चूकही आता रूढ होतेय: अक्ष शून्यापासून नाही म्हणजे आलेख फसवा. हे मला पटत नाही. स्तंभालेखात शून्य हवंच, कारण तिथे स्तंभाची लांबी वाचायची असते. रेषालेखात आपण बदल वाचतो. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे ‘तापमान नाही’ असा अर्थ नसतो, आणि नदीच्या मोजपट्टीचं शून्यही सोयीने ठरवलेलं असतं. रत्नागिरीत पावसाळ्यात तापमान उतरतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा चढतं. हा दुसरा उंचवटा बघायचा असेल तर अरुंद अक्षच हवा. शून्य ते पन्नासच्या अक्षावर तो जवळजवळ पुसला जातो. अक्ष मध्येच सुरू केला असेल तर अक्षसंकोचाची, म्हणजे खालचा भाग गाळल्याची नागमोडी खूण काढावी आणि वाचणाऱ्याने ती शोधावी, एवढी शिस्त पुरेशी आहे.

‘रेषा एकमेकींना छेदतात तिथे भाव फिरला’

आंब्याच्या हंगामात वाशीच्या बाजारातली आवक आणि दर एकाच आलेखात दाखवतात. डावीकडच्या अक्षावर पेट्या, उजवीकडे रुपये. फेब्रुवारीत आवक थोडी, दर चढे. एप्रिल-मेपर्यंत आवक वाढत जाते, दर उतरत जातो. एक रेषा चढती, एक उतरती, म्हणजे कुठेतरी त्या छेदणारच. आणि मग बागायतदार त्या छेदाच्या तारखेवर बोट ठेवून विचारतात, ‘बाई, इथे नेमकं काय झालं?’

काहीच झालेलं नाही. पेट्या आणि रुपये एकमेकांना गाठू शकत नाहीत. उजव्या अक्षाची कमाल मर्यादा बदलली की छेद पंधरा दिवस मागे किंवा पुढे सरकतो, आकडे मात्र तेच राहतात. दोन उभे अक्ष असलेल्या आलेखात छेद, रेषांमधली फट आणि ‘कोण वर’ या तिन्ही गोष्टींना अर्थ नसतो. वळणांच्या तारखा तेवढ्या वाचाव्यात: आवक कधी उसळली, दर कधी पडायला लागला, आधी काय झालं. त्यासाठीही दोन वेगळे आलेख एकाखाली एक, आडवा अक्ष जुळवून काढलेले बरे. शाळेतल्या हवामानाच्या आलेखात तापमान रेषेने आणि पाऊस स्तंभांनी दाखवतात ते यासाठीच योग्य आहे. तिथे छेद शोधण्याचा मोह होत नाही.

दरांची तुलना करताना एककही तपासा. एका रेषेत पेटीचा दर, दुसरीत डझनाचा असं सर्रास असतं. पेटीही सारखी नसते, कोणाची चार डझनाची, कोणाची सहा. सगळं डझनावर आणा, मग रेषा काढा. आणि घसरण मोजताना रुपये आणि टक्के दोन्ही बघा. समजा एका प्रतीचा डझनाचा दर १००० वरून ८०० झाला आणि दुसरीचा ५०० वरून ३००. आलेखात दोन्ही उतार अगदी समांतर दिसतील, कारण दोन्हीकडे २०० रुपयेच गेले. पण पहिल्याचे २० टक्के गेले आणि दुसऱ्याचे ४० टक्के. पेपरातही हाच फरक विचारतात, नुसता वेगळ्या शब्दांत: ‘सर्वाधिक उत्पादन कोणत्या वर्षी’ आणि ‘सर्वाधिक वाढ कोणत्या वर्षी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सगळ्यात उंच बिंदूत आहे, दुसऱ्याचं सगळ्यात उभ्या तुकड्यात.

‘जून-जुलैतही मासळी चांगली दिसतेय’

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. आकडे भरणाऱ्याने ते दोन महिने कोरे ठेवले आणि आलेखात बिंदू जोडण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर संगणक मेचा बिंदू थेट ऑगस्टच्या बिंदूला जोडतो, आणि बंदीच्या काळातून एक दिमाखदार रेषा जाते. बिंदू म्हणजे नोंद, दोन बिंदूंना जोडणारी रेषा म्हणजे फक्त जोडणी. बिंदू दाखवलेलेच नसतील तर कुठे खरी नोंद आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणून बिंदू ठळक काढायचा आग्रह धरा. एक्सेलमध्ये ‘सिलेक्ट डेटा’च्या खिडकीत ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ असा पर्याय आहे. तिथे ‘गॅप्स’ निवडा, रेषा तुटलेली दिसेल. तुटलेली रेषाच इथे खरी आहे. कोऱ्या जागी शून्य भरणंही बरोबर नाही, कारण बिगरयांत्रिक होड्यांची थोडी मासळी या काळातही येते.

वर्षांचंही तसंच. २००१, २०११, २०१५, २०१६ अशी वर्षं असतील तर एक्सेलचा ‘लाइन’ आलेख ती बहुधा सारख्या अंतरावर मांडतो. दहा वर्षांची वाढ आणि एका वर्षाची वाढ मग एकाच मापाने दिसते. ‘स्कॅटर’ प्रकार निवडून बिंदू रेषेने जोडा, अंतरं आपोआप नीट पडतात.

‘भरती लागून दोन तास झाले, म्हणजे तिसरा हिस्सा पाणी आलं’

भरतीच्या तक्त्यात दिवसाचे बहुधा चारच आकडे असतात, दोन भरतींचे आणि दोन सुकतींचे, म्हणजे ओहोटीचे. ते सरळ रेषांनी जोडले तर करवतीसारखा आलेख होतो, आणि त्यावरून मधल्या वेळेचं पाणी वाचलं की होडी वाळूला लागते. इथे दोन बिंदूंच्या मधे पाणी खरोखर असतं, पण ते सरळ रेषेत वाढत नाही. सुकतीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. त्याचे सहा सारखे भाग पाडले तर एकूण वाढीच्या बारा हिश्श्यांपैकी पहिल्या भागात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक हिस्सा पाणी चढतं. हा जुना, जगभरच्या खलाशांचा ठोकताळा आहे.

फरक २.४ मीटरचा असेल तर एक हिस्सा ०.२ मीटर. पहिल्या तासानंतर सरळ रेषा सांगते ०.४ मीटर वाढ, प्रत्यक्षात ०.२. दोन तासांनी रेषा सांगते ०.८, प्रत्यक्षात ०.६, म्हणजे तिसऱ्या हिश्शाऐवजी चौथा. मध्यावर दोन्ही जुळतात आणि पुढे पाणी रेषेच्या वर जातं. खाडीच्या तोंडाशी साठलेल्या वाळूवरून होडी आत आणणाऱ्याला तो वीतभर फरक पुरेसा आहे. म्हणून तक्त्यावरून आलेख काढताना बिंदू वळणदार रेषेने जोडा, टोकांपाशी चपटी आणि मध्ये उभी.

दुसऱ्या बंदराचा आलेख वापरू नका. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, मुंबईत भरती-सुकतीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, दक्षिणेकडे मालवण-गोव्याच्या बाजूला तो त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. वेळाही जुळत नाहीत. एकाच बंदराची उधाणाची रेषा आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीची, रेषा शेजारी काढून बघा, उंची किती बदलते ते मुलांना एका नजरेत कळतं. आणि तक्त्यातला मीटरचा आकडा सागरी नकाशाच्या शून्य पातळीपासूनचा असतो. खाली किती पाणी आहे हे हवं असेल तर त्या ठिकाणची नकाशावरची खोली त्यात मिळवावी लागते.

रंग दिसत नसतील, अक्षच नसतील तर

झेरॉक्स काढली की लाल आणि हिरवी रेषा सारखीच काळी होते. काही मुलांना ते दोन रंग मुळातच वेगळे दिसत नाहीत, आणि ती हे वर्गात सांगत नाहीत. एक रेषा सलग, दुसरी तुटक, तिसरी ठिपक्यांची काढा आणि प्रत्येक रेषेच्या उजव्या टोकाला तिचं नाव लिहा. सूचीकडे वारंवार बघावं लागणार नाही.

उभ्या अक्षावर आकडेच नसलेला आलेख आला, आणि असे बरेच येतात, तर त्यातून दोनच गोष्टी घेता येतात: कधी वाढलं आणि कधी उतरलं. किती, ते नाही. दुसऱ्या आलेखाशी तुलना तर नाहीच. पाठवणाऱ्याला मूळ आकडे मागा. आकडे आले की उभा अक्ष, एकक, मोजल्याची वेळ आणि केंद्राचं नाव लिहून आलेख नव्याने काढा आणि तो त्याच गटावर परत पाठवा.